बिनपगारी अग्निशमन जवानाचे निवृत्तिवेतन: किती वर्षांनी, कोणत्या वयात, कुणाच्या पैशातून?

न्यू जर्सीच्या मिडलसेक्स, सॉमरसेट आणि मर्सर या काउंट्यांत मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. घर घेताना आपण शाळेचा दर्जा, रेल्वे स्टेशनचे अंतर आणि मालमत्ता कराचा आकडा बारकाईने पाहतो, पण आग लागली तर विझवायला कोण येणार, हे सहसा कुणी विचारत नाही. मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसाला तसे विचारावेसे वाटतही नाही, कारण अग्निशमन दल म्हणजे महापालिकेचे खाते आणि जवान म्हणजे पगारी कर्मचारी, हे आपल्या मनात पक्के बसलेले असते. प्रत्यक्षात प्लेन्सबरो किंवा साउथ ब्रन्सविकसारखी गावे परंपरेने स्वयंसेवकांच्या फायर कंपन्यांवर, म्हणजे गावच्या अग्निशमन पथकांवर, अवलंबून आहेत. कुणी शिक्षक, कुणी प्लंबर, कुणी विमा कंपनीत नोकरीला, अशी ही माणसे असतात. संदेश आला की ती हातातले काम टाकतात, स्वतःच्या गाडीवर निळा दिवा लावून फायरहाउस गाठतात आणि तिथून बंब घेऊन निघतात. रस्त्यात मागून असा निळा दिवा दिसला तर बाजूला व्हायचे असते, हेदेखील आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते.

हा प्रकार एखाद्या कोपऱ्यातला नाही. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या अंदाजानुसार २०२० साली अमेरिकेत सुमारे १०,४१,२०० अग्निशमन जवान होते आणि त्यांतले ६,७६,९०० म्हणजे ६५ टक्के स्वयंसेवक होते. १९८४ साली हाच स्वयंसेवकांचा आकडा ८,९७,७५० होता. छत्तीस वर्षांत देशाची लोकसंख्या वाढली, मदतीसाठी येणारे फोन तिपटीहून अधिक झाले आणि धावून जाणारे हात दोन लाखांहून अधिक कमी झाले. अडीच हजारांहून कमी वस्तीच्या गावांत तर स्वयंसेवकांपैकी सुमारे तिसरा हिस्सा पन्नाशीच्या पुढचा आहे. म्हणून या माणसांना उतारवयात काही निवृत्तिवेतन मिळावे का, मिळायचे तर किती वर्षांच्या सेवेनंतर आणि कोणत्या वयापासून, हा प्रश्न त्या घराण्यांचा खासगी प्रश्न राहिलेला नाही. ज्यांच्या घराचे छप्पर त्यांच्या भरवशावर आहे, त्या सगळ्यांचा तो प्रश्न आहे. माझे मत स्पष्ट आहे: निवृत्तिवेतन मिळावे, ते राज्यभर एकाच नियमाने मिळावे, आणि माणसाने गाव बदलले तरी त्याची सेवेची वर्षे त्याच्या सोबत जावीत. आज यातले पहिलेच अर्धेमुर्धे मिळते, उरलेले दोन्ही बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत.

पहिला आक्षेप नेहमीचा असतो. स्वेच्छेने काम करणाऱ्याने पैशाची अपेक्षा का ठेवावी, आणि पैसा घेतला तर तो स्वयंसेवक कसा राहिला? हा आक्षेप ऐकायला रास्त वाटतो, परंतु कायद्यानेच त्याचे उत्तर देऊन ठेवलेले आहे. अमेरिकेच्या फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्टखालच्या नियमांनुसार सार्वजनिक संस्थेने स्वयंसेवकाला खर्चाची भरपाई दिली, नाममात्र मानधन दिले, किंवा विमा, पेन्शन, सेवाकाल-पुरस्कार यांसारखे वाजवी लाभ दिले, तर त्याचे स्वयंसेवकपण जात नाही. नाममात्र म्हणजे किती, याचा अंदाज श्रम खात्याने २००६ साली दिला: त्याच कामासाठी पूर्णवेळ जवानाला जे द्यावे लागले असते त्याच्या २० टक्क्यांपर्यंत. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वेतन आणि कृतज्ञतेची तजवीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मृत्यूच्या बाबतीत तर संघराज्याचा कायदा भेदच करत नाही. १९७६ च्या पब्लिक सेफ्टी ऑफिसर्स बेनिफिट्स ॲक्टखाली कर्तव्यावर मरण पावलेल्या स्वयंसेवकाच्या वारसांना पगारी जवानाच्या वारसांइतकीच रक्कम मिळते. आगीत मेलेला स्वयंसेवक पगारी जवानाच्या बरोबरीचा ठरतो, तर आगीतून तीस वर्षे जिवंत परतलेल्याचे म्हातारपण गावाच्या मर्जीवर सोडणे कुठल्याही न्यायाला धरून नाही.

इतिहासही याच बाजूने बोलतो. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ साली फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी उभी केली तेव्हापासून अमेरिकेतले अग्निशमन हे शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांसाठी करायचे काम आहे, पण त्या कामाच्या मोबदल्यात समाजाने काहीच दिले नाही असे कधीच नव्हते. न्यू जर्सीत ठरावीक सेवा पुरी केलेल्या स्वयंसेवकाला 'एक्झेम्प्ट फायरमन' म्हणत, कारण त्याला नागरी सेनेच्या सक्तीसारख्या कर्तव्यांतून सूट मिळत असे. सात वर्षांची सेवा आणि दर वर्षी किमान ६० टक्के हजेरी ही त्याची अट आजही त्या राज्यात परिचयाची आहे. १८८५ साली न्यू जर्सी स्टेट फायरमेन्स असोसिएशन स्थापन झाली. परराज्यातल्या विमा कंपन्यांना अग्निविम्याच्या हप्त्यांवर २ टक्के कर द्यावा लागतो, आणि त्या पैशातून या संस्थेच्या स्थानिक शाखा अडचणीत आलेल्या जवानांना मदत करतात, अंत्यविधीचा खर्च देतात. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चाललेली ही व्यवस्था मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यात एक साधे तत्त्व आहे: आग लवकर विझली की ज्याचे नुकसान वाचते, त्याने विझवणाऱ्याच्या अडीअडचणीला हातभार लावावा. निधीच्या प्रश्नाकडे वळताना हे तत्त्व पुन्हा लागेल.

आताची व्यवस्था अशी आहे. सेवाकालाच्या लांबीवर दिल्या जाणाऱ्या लाभाला अमेरिकेत 'लेंग्थ ऑफ सर्व्हिस अवॉर्ड प्रोग्रॅम' किंवा थोडक्यात लोसॅप म्हणतात. न्यू जर्सीने त्यासाठीचा कायदा १९९७ च्या अधिवेशनात केला. त्यानुसार एखाद्या पालिकेला किंवा फायर डिस्ट्रिक्टला, म्हणजे फक्त अग्निशमनाचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक संस्थेला, अशी योजना हवी असेल तर ठराव करून तो मतदारांसमोर ठेवावा लागतो. मतदारांनी मान्यता दिली तर सक्रिय स्वयंसेवकाच्या नावे वर्षाला किमान १०० आणि कमाल १,१५० डॉलर, महागाईनुसार होणारी वाढ वेगळी, एका खात्यात जमा केले जातात, आणि पाच वर्षांची सेवा झाली की त्या रकमेवर त्याचा हक्क बसतो. याला महिना पेन्शन म्हणता येत नाही, ही साठवलेली रक्कम आहे. ढोबळ हिशोब केला तर चाळीस स्वयंसेवकांच्या कंपनीसाठी कमाल दराने वर्षाचा खर्च ४६,००० डॉलर होतो, आणि तेवढ्यात न्यू जर्सीत पगार, आरोग्य विमा आणि पेन्शन धरून एकही पूर्णवेळ जवान ठेवता येत नाही. मालमत्ता कराच्या बिलावर आपण सगळेच कुरकुरतो. ते बिल आणखी का फुगत नाही, याचे एक कारण ही चाळीस माणसे आहेत.

पैसे किती, यापेक्षा पात्रता कशी मोजायची हा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण अन्याय तिथे होतो. पगारी नोकराचे वर्ष बारा महिन्यांचे असते. स्वयंसेवकाचे वर्ष कशाने भरले म्हणायचे? न्यूयॉर्क राज्याने यासाठी गुणांची पद्धत कायद्यातच घालून दिली आहे: वर्षभरात ५० गुण मिळवले तर ते वर्ष सेवेत धरले जाते. सरावाला हजर राहिल्याचे गुण, प्रशिक्षणाचे गुण, सभांना उपस्थितीचे गुण, पदाधिकारी म्हणून काम केल्याचे गुण, आणि ठरावीक प्रमाणात आगीच्या संदेशांना धावून गेल्याबद्दल २५ गुण. हे प्रमाण वर्षातल्या एकूण संदेशांनुसार बदलते. संदेश कमी असतील तर दहा टक्क्यांना जावे लागते आणि संदेशांची संख्या वाढत गेली की टक्केवारी उतरत जाते. ही उतरती श्रेणी शहाणपणाची आहे, कारण वर्षाला शेकड्यांनी संदेश येणाऱ्या गावात नोकरी सांभाळणाऱ्या माणसाकडून सगळीकडे हजर राहण्याची अपेक्षा करणे म्हणजे त्याला घालवून देणे होय. न्यूयॉर्कच्याच कायद्यातली आणखी एक तरतूद मला विशेष आवडते: कर्तव्य बजावताना जखमी होऊन अंथरुणाला खिळलेल्या जवानाला त्या काळात दरमहा पाच गुण मिळत राहतात. बारा महिन्यांचे साठ होतात, म्हणजे दुखापतीमुळे त्याचे वर्ष वाया जात नाही.

या गुणांमागे काय असते, हे एकदा तरी जवळून पाहायला हवे. आमच्याकडे सोमवारी संध्याकाळी सातनंतर फायरहाउसची दारे वर जातात. दिवसभराची नोकरी करून आलेली माणसे जेवणाच्या वेळेला जाड कोट, विजार, बूट, शिरस्त्राण आणि पाठीवर हवेची टाकी असे वीस किलोहून जास्त ओझे अंगावर चढवतात. मग अंधाऱ्या खोलीत, मुखवट्याची काच झाकून, एका हाताने भिंत धरून आणि दुसऱ्या हाताने पुढच्याचा बूट धरून रांगत माणूस शोधण्याचा सराव सुरू होतो. बाहेर एक जण पंपापाशी उभा राहून दाब वाचत असतो, दुसरा घड्याळ लावून कुणाच्या टाकीत किती हवा उरली ते लिहीत असतो. नऊ-साडेनऊला होजपाइप धुऊन, घडी घालून परत बंबात बसवले की मगच कुणी घरी जातो, आणि दाराशेजारच्या तक्त्यावर ज्याच्या त्याच्या नावापुढे एक गुण लिहिला जातो. या सगळ्याआधी 'फायरफायटर वन'चा कित्येक महिन्यांचा अभ्यासक्रम संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी पुरा करावा लागतोच. हा सराव शोभेचा नाही. आजच्या घरांतले सोफे, गाद्या आणि प्लास्टिक इतक्या वेगाने पेटतात की प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत सबंध खोली पाच मिनिटांच्या आत भडकलेली दिसते, जुन्या लाकडी-सुती सामानाच्या खोलीला त्यासाठी अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागत असे.

म्हणूनच गुणपद्धतीत एक दुरुस्ती मला आवश्यक वाटते. सभा आणि पदे यांच्या गुणांवर वर्ष भरता येऊ नये. सराव आणि प्रत्यक्ष धावून जाणे या दोन्हींचा किमान वाटा सक्तीचा असावा, त्याची भरपाई बैठकीतल्या खुर्चीने होऊ नये. मोंटाना राज्यात वर्ष मोजले जाण्यासाठी ३० तासांचे प्रशिक्षण लागते, कोलोरॅडोत ३६ तासांचे. ही अट सोपी, तपासता येण्याजोगी आणि कुणाच्याही लहरीवर न चालणारी आहे. मात्र बाळंतपण, लहान मूल किंवा आजारी आईवडील यांच्यामुळे एखादे वर्ष अपुरे राहिले तर त्या माणसाची आधीची वर्षे बुडू नयेत. त्याचे घड्याळ थांबावे, शून्यावर येऊ नये. तरुण स्त्रिया या सेवेत याव्यात असे सगळेच म्हणतात, पण वयाच्या पंचविशी ते पस्तिशीतल्या खंडाला जागा न देणारे नियम करून त्या येणार नाहीत.

आता वर्षांची संख्या. कोलोरॅडोतला रूढ नियम असा की वीस वर्षांची सक्रिय सेवा आणि वयाची पन्नाशी झाली की पूर्ण निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. मोंटानात वीस वर्षे आणि ५५ वय झाले की पूर्ण, आणि दहा वर्षे व ६० वय झाले की अंशतः. तिथला दर बरीच वर्षे सेवेच्या प्रत्येक वर्षामागे महिना ८.७५ डॉलर होता, म्हणजे वीस वर्षांना १७५ डॉलर. रक्कम लहान आहे आणि ती लहान असण्याला माझी हरकत नाही, कारण हे घर चालवण्याचे वेतन नव्हे. माझी हरकत वीस वर्षांच्या एकाच उंबरठ्याला आहे. एकोणीस वर्षे आगीत शिरलेला माणूस आणि एकही वर्ष न शिरलेला माणूस एका पंक्तीत बसत असतील तर तो नियम मोडीतच काढला पाहिजे. मोंटानाने दहा वर्षांची पायरी ठेवली हे चांगले केले, आणि ती पाच वर्षांपर्यंत खाली आणायला काही आडकाठी नसावी. न्यू जर्सीत पाच वर्षांनी हक्क बसतो, तोच धडा महिना पेन्शन देणाऱ्या राज्यांनी घ्यावा.

उंबरठा उंच ठेवण्यात आणखी एक धोका आहे आणि तो जिवावरचा आहे. कर्तव्यावरील जवानांच्या मृत्यूंत हृदयविकाराचा वाटा अमेरिकेत वर्षानुवर्षे सगळ्यांत मोठा राहिला आहे. २००३ साली संघराज्याने खास कायदा केला आणि अवघड कामगिरीनंतर चोवीस तासांच्या आत आलेला झटकाही कर्तव्यावरचा मृत्यू म्हणून गृहीत धरायला सुरुवात केली, तो यामुळेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली अग्निशमन दलातील काम माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. धूर बिनपगारी माणसाच्या फुप्फुसाला सवलत देत नाही. अशा वेळी सोळा-सतरा वर्षे झालेल्या, छातीत कळ येऊ लागलेल्या पन्नाशीच्या माणसासमोर 'अजून तीन वर्षे काढलीस तर सगळे, आता थांबलास तर काहीच नाही' असा नियम ठेवणे म्हणजे त्याला दुखणे लपवायला सांगणे होय. वर्षागणिक हक्क वाढत गेला तर त्याला सन्मानाने थांबता येते.

थांबणे म्हणजे बाहेर पडणेच असेही नाही. पंप चालवणे, बंब हाकणे, हवेच्या टाक्यांची नोंद ठेवणे, नव्या पोरांना शिकवणे, शाळांत जाऊन मुलांना आगीपासून वाचण्याची माहिती देणे, यांपैकी कुठलेच काम पेटत्या घरात शिरण्याइतके शरीर खात नाही आणि त्यांच्यावाचून दल चालतही नाही. साठीच्या माणसाची ही वर्षे पात्रतेत पूर्ण धरली जावीत. लाभ सुरू होण्याचे वय आणि सेवा सोडण्याचे वय एकच असावे, असा आग्रह धरण्याचे काही कारण मला दिसत नाही. साठाव्या वर्षी लाभ सुरू व्हावा आणि ज्याला झेपते त्याने बाहेरची कामे करत राहावीत. जिथे माणसेच कमी पडत आहेत, तिथे अनुभवी माणसाला पेन्शन आणि फायरहाउस यांतले एक निवड, असे सांगणे गावाच्याच तोट्याचे आहे.

मराठी वाचकाला ज्या मुद्द्याची झळ सगळ्यांत आधी कळेल तो गाव बदलण्याचा. फ्रँकलिनच्या काळात माणूस ज्या गल्लीत राहायचा तिथेच त्याचे दुकान असायचे. आज नोकरी बदलली की घर बदलते, मुलांची शाळा लागली की पुन्हा बदलते. समजा, एका तरुणाने एका टाऊनशिपमध्ये चार वर्षे सेवा केली, मग वीस मैलांवर घर घेतले आणि तिथल्या कंपनीत आणखी चार वर्षे काढली. आठ वर्षे तो त्याच राज्यातल्या लोकांची घरे वाचवत होता, त्याच राज्याचे प्रशिक्षण त्याच्या गाठीशी होते, परंतु योजना गावागावाच्या, खाती गावागावाची, म्हणून त्याची पाच वर्षे कुठेच पुरी झाली नाहीत असा निकाल लागू शकतो. शेजारच्या गावाने योजना घेतलीच नसेल तर तिथल्या चार वर्षांची नोंदसुद्धा होत नाही. पगारी पोलीस आणि अग्निशमन जवानांसाठी न्यू जर्सीत १९४४ पासून राज्यपातळीवरची एकच निवृत्तिवेतन व्यवस्था आहे. स्वयंसेवकांसाठी तशी व्यवस्था करणे अशक्य नाही, मोंटानाने ती राज्याच्या पेन्शन मंडळाकडे सोपवून चालवून दाखवली आहे.

आणि तिचा पैसा कुठून येतो? मोंटानात अग्निविम्याच्या हप्त्यांवर जो कर राज्याला मिळतो त्यातला ५ टक्के भाग या निधीला जातो. मागे न्यू जर्सीतल्या दोन टक्क्यांच्या कराचा उल्लेख आला, त्याचे हेच भावंड. गावाच्या मालमत्ता करावर सगळा भार टाकला की श्रीमंत गाव १,१५० डॉलर देते, गरीब गाव १०० देते किंवा काहीच देत नाही, आणि ज्या गावात जुनी लाकडी घरे जास्त, आगी जास्त, त्याच गावातल्या स्वयंसेवकाला सगळ्यांत कमी मिळते. राज्याने विमा हप्त्यांवरील करातून सगळ्यांसाठी एक किमान रक्कम द्यावी आणि त्यावर भर घालण्याचा अधिकार गावाला व तिथल्या मतदारांना असावा, ही विभागणी मला न्याय्य वाटते. मतदारांना विचारूच नये असे मी म्हणत नाही. परंतु मतपत्रिकेच्या तळाशी छापलेल्या एका परिच्छेदावर एखाद्या माणसाच्या वीस वर्षांचे मोल ठरू नये.

पैसा जमा झाल्यावर तो सुरक्षित आहे का, हेही पाहिले पाहिजे. न्यू जर्सीतल्या या खात्यांतला पैसा स्वयंसेवकाच्या हाती पडेपर्यंत कायद्याने गावाचा किंवा फायर डिस्ट्रिक्टचाच राहतो, आणि गावाकडे पैसे येणे असलेल्यांचे दावे आले तर त्यांच्या कक्षेत तो येतो. कराच्या नियमांमुळे ही रचना करावी लागते, हे मान्य आहे. परंतु अनेक गावांच्या वार्षिक हिशोबात या निधीचे पूर्ण लेखापरीक्षण होत नाही, केवळ आढावा घेतला जातो आणि लेखापरीक्षक तेवढ्यापुरते आपले मत राखून ठेवतात. जवानांच्या म्हातारपणाच्या पुंजीला गावाच्या इतर कुठल्याही निधीइतकीच कडक तपासणी हवी. संघराज्याच्या कर कायद्याने आपल्या बाजूने काही दिलासा दिला आहे: सेवाकाल-पुरस्कारात वर्षाला जास्तीत जास्त किती रक्कम जमा होऊ शकते, ती ३,००० डॉलरची मर्यादा २०१७ च्या कायद्याने ६,००० केली आणि महागाईशी जोडली. वरची मर्यादा दुप्पट होऊनही गावे १,१५० च्या आसपास अडकून राहत असतील तर अडचण वॉशिंग्टनमध्ये नाही, राज्याच्या कायद्यात आहे.

निवृत्तिवेतन दिल्याने स्वयंसेवकांची गळती थांबेल, असा दावा मी करणार नाही. पंचविशीतल्या मुलाला साठीतल्या पैशाचे आकर्षण वाटत नाही. घरात दोघे कमावतात, प्रवासात दोन-तीन तास जातात, प्रशिक्षणाचे तास वाढले आहेत, आणि ही कारणे पेन्शनने जात नाहीत. तरुणाला आज उपयोगी पडेल असेही काही हवे. न्यूयॉर्कने २०२२ च्या अखेरीस स्वयंसेवकांना मालमत्ता करात १० टक्क्यांपर्यंत सूट देण्याची मुभा सगळ्या गावांना दिली. संघराज्यानेही राज्य व गावांकडून मिळणाऱ्या कर सवलती आणि सेवेच्या महिन्यामागे ५० डॉलरपर्यंतची रक्कम प्राप्तिकरातून कायमची वगळली आहे. निवृत्तिवेतनाचा खरा उपयोग चाळिशीतल्या माणसाला होतो. काम शिकलेला, रस्ते आणि इमारती पाठ असलेला, तरुणांना हाताखाली घेणारा हा माणूस आणखी दहा वर्षे थांबावा की नाही, या उंबरठ्यावर उभा असतो, आणि त्याला थांबण्याचे एक कारण मिळते. तेवढे झाले तरी दलाचा कणा टिकतो.

हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रातही वेगळ्या रूपात आहेच. होमगार्ड ही संघटना ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत मोरारजी देसाईंच्या पुढाकाराने उभी राहिली आणि नंतर देशभर गेली. पूर असो, आग असो, बंदोबस्त असो, मानसेवी म्हणून नोंदलेली ही माणसे उभी असतात. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने होमगार्डना नियमित नोकरीत घेण्याची मागणी मान्य केली नाही, परंतु त्यांचा कर्तव्य भत्ता महिन्याच्या तीस दिवसांना पोलिसांच्या किमान वेतनाइतका व्हावा असा आदेश दिला. महाराष्ट्राने २०२४ साली हा भत्ता दिवसाला ५७० रुपयांवरून १,०८३ रुपये केला, हे स्वागतार्हच आहे. तरीही ज्या दिवशी ड्यूटी नाही त्या दिवशी भत्ता नाही, आणि वीस-पंचवीस वर्षे खाकी घालून निवृत्त झालेल्या होमगार्डला त्या वर्षांबद्दल महिना काही मिळण्याची व्यवस्था नाही. सेवेचे वर्ष मोजण्याची पद्धत ठरवा, पाच वर्षांनंतर हक्क चढत्या पायरीने बसू द्या, जिल्हा बदलला तरी नोंद कायम ठेवा: न्यू जर्सीसाठी मागतो आहे तेच नागपूर-सोलापूरसाठीही मागता येते, आणि महाराष्ट्रात तर संघटना राज्यपातळीवरच बांधलेली असल्याने काम अधिक सोपे आहे.

न्यू जर्सीतल्या मराठी मतदारांपुढे करण्याजोगी गोष्ट अगदी जवळची आहे. फायर डिस्ट्रिक्टच्या आयुक्तांची निवडणूक आणि अंदाजपत्रकावरचे मतदान अनेक ठिकाणी फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी होते, काही डिस्ट्रिक्टनी ते नोव्हेंबरमध्ये नेले आहे. त्या दिवशी मतदानाला येणाऱ्यांची संख्या इतकी थोडी असते की एका गृहसंकुलातली मराठी मंडळी गेली तरी निकालावर फरक पडू शकतो. त्याआधीच्या जाहीर सुनावणीत आयुक्तांना थेट विचारता येते: आपल्याकडे लोसॅप आहे का, माणशी किती रक्कम जमा होते, ती शेवटची कधी वाढवली, शेजारच्या गावातून आलेल्या जवानाची आधीची वर्षे धरता का, आणि या निधीचे पूर्ण लेखापरीक्षण का होत नाही. राज्याच्या विधिमंडळातल्या आपल्या आमदाराकडे राज्यव्यापी निधीची मागणी लेखी पाठवायची असेल, तर ती या प्रश्नांची उत्तरे हातात घेऊनच पाठवावी.